वर्गमित्राचा चेहरा, वर्गमित्राचीच शैली: पोर्ट्रेट प्रकल्पाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत छायाचित्रण शिकणाऱ्यांसाठी हे पान आहे. आकडे क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे पूर्ण आकारापेक्षा लहान सेन्सर असलेल्या) साध्या कॅमेऱ्याला धरून दिले आहेत, कारण बहुतेकांच्या हातात तोच असतो.

या प्रकल्पात करायचं काय असतं?

वर्गातल्या आठ-दहा जणांची पोर्ट्रेट काढायची, आणि ज्याचं पोर्ट्रेट त्याच्याच छायाचित्रणाच्या पद्धतीने काढायचं. जी मुलगी कायम खिडकीपाशी, काळोखी पार्श्वभूमी ठेवून फोटो काढते तिला तशाच खिडकीपाशी बसवायचं. जो आठवडे बाजारात फ्लॅश मारत फिरतो त्याच्या तोंडावर फ्लॅश मारायचा. त्याच्या सवयींपैकी कोणत्या उचलायच्या आणि कोणत्या सोडायच्या हे मात्र तुम्ही ठरवायचं. या निवडीतच तुमचं काम दिसतं. बाकी सगळं तर त्याचंच असतं.

शैली म्हणजे प्रीसेटच (एडिटिंगची आधीच जपून ठेवलेली सेटिंग) ना? मित्राकडून प्रीसेट मागून घेतला तर काम होईल?

होणार नाही. प्रीसेट हा वरचा रंगाचा हात आहे, भिंत नव्हे. खात्री करायची असेल तर मित्राचे दहा फोटो कृष्णधवल करून बघा. उजेड कुठून येतो, कॅमेरा किती जवळ आहे, किती उंचीवर आहे, चौकटीत काय कापलंय, बटण कोणत्या क्षणी दाबलंय, हे तेव्हाही दिसतं. ती शैली. कृष्णधवल केल्यावर फोटो कुणाचेही वाटू लागले, तर त्याची शैली खरोखर रंगात आहे असं समजा. अशा वेळी रंग नंतर चढवू नका, शूटच्या आधी शोधा: कोणत्या रंगाची भिंत, कोणते कपडे, दिवसाची कोणती वेळ.

मैत्रिणीची शैली ओळखायची कशी? तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

बहुतेकांना नाही सांगता येत. विचारलं तर 'मला नैसर्गिक फोटो आवडतात' एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यावरून काही उभं राहत नाही. म्हणून फोटोंनाच विचारा.

तिच्याकडून वीस फोटो घ्या. पाच तिने निवडलेले, पंधरा तुम्ही निवडलेले. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली तांत्रिक माहिती गळून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मग लेन्स किती मिलिमीटरवर होती, अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ सगळं वाचता येतं: लेन्सचं भोक किती उघडं होतं (एफचा आकडा), शटर किती वेळ उघडं होतं, सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवला होता. अठरा-पंचावन्नची लेन्स असूनही वीसपैकी सोळा फोटो अठरावरच असतील, तर ती माणसाच्या फार जवळ जाते हे कळलं.

मग वहीत सात रकाने आखा: उजेडाची दिशा, कॅमेऱ्याची उंची, माणसापासूनचं अंतर, पार्श्वभूमी, नजर, रंग, चौकट कुठे कापली. एकेक फोटो घेऊन भरत जा. उजेडासाठी डोळ्यांतली चमक मोठी करून बघा. चौकोनी चमक असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स (दिव्यावरची पांढऱ्या कापडाची पेटी), बारीक टिंब असेल तर फ्लॅश, वर पसरलेली पांढरी पट्टी असेल तर मोकळं आकाश. नाकाची सावली कोणत्या गालावर आणि किती लांब पडली यावरून उजेडाची उंचीही कळते.

वीसपैकी चौदा-पंधरा फोटोंत एखादी गोष्ट आली तर तो तिचा नियम धरा. आठ-दहा वेळा आली तर सवय. तीन-चारदा आली तर सोडून द्या, तो योगायोग. आणि एक रकाना वेगळा ठेवा: ती काय कधीच करत नाही. वीस फोटोंत एकही माणूस हसत नसेल, तर ही नोंद बाकी सातांपेक्षा मोलाची ठरू शकते.

चूक बहुधा एकच होते. तिचा सगळ्यात जास्त लाइक मिळालेला फोटो उचलायचा आणि तसाच्या तसा उभा करायचा. तो बऱ्याचदा तिचा सगळ्यात वेगळा फोटो असतो, म्हणूनच गाजलेला असतो.

एका पोर्ट्रेटमध्ये किती नियम वापरायचे?

दोन. फार तर तीन. सातही वापरले की नक्कल होते आणि फोटो तिनेच काढल्यासारखा दिसतो.

कोणती लेन्स लागेल? आमच्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आणि एक पन्नास मिलिमीटरची आहे.

तेवढं पुरेसं आहे. क्रॉप सेन्सरवर पन्नासची लेन्स साधारण पंचाहत्तर ते ऐंशी मिलिमीटरसारखी वागते. उभ्या चौकटीत पूर्ण उंचीचा माणूस बसवायला सुमारे १४ फूट मागे जावं लागतं, कमरेपर्यंतच्या चौकटीला ७ फूट, डोकं-खांद्यांना ४ ते ५ फूट. हॉस्टेलच्या खोलीत १४ फूट मिळत नाहीत, हे आधी मोजा आणि मगच पूर्ण उंचीचा फोटो ठरवा.

एफ १.८ वर ४ फुटांवरून फोकसची खोली (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो) जेमतेम ४-५ सेंटिमीटर असते. चेहरा जरा वळला की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर. मैत्रिणीची शैलीच तशी असेल तर ठीक, नाहीतर एफ ४ ठेवा, खोली दुपटीहून वाढते. फोकस कायम कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर.

फोनने काढणाऱ्या मित्राचं पोर्ट्रेट फोननेच काढा. मोठा कॅमेरा घेऊन त्याची पद्धत पकडता येत नाही, कारण फोन हात लांब करून धरतात आणि कॅमेरा डोळ्याला लावतात. तिथेच उंची आणि अंतर दोन्ही बदलतात.

काळोखी पार्श्वभूमी आणि एका बाजूचा उजेड, हे घरात कसं साधायचं?

जुनं धाब्याचं घर मिळालं तर उत्तमच. जाड भिंती, एखादीच लहान खिडकी, आत दिवसाही अंधार. असा स्टुडिओ भाड्याने मिळत नाही.

माणसाला खिडकीपासून ३ फुटांवर, खिडकीला समांतर बसवा. चेहरा खिडकीकडे इतका वळवा की अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण पडेल. यालाच रेम्ब्राँट लायटिंग म्हणतात. मागची भिंत माणसापासून किमान ६ ते ८ फूट दूर हवी आणि तिच्यावर दुसऱ्या दाराचा उजेड पडता कामा नये. सुरुवात आयएसओ ४००, एफ २.८, १/१२५ सेकंदापासून करा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, चौकटीत बराचसा काळोख असल्याने कॅमेऱ्याला सगळं अंधारलेलं वाटतं, तो एक्स्पोजर वाढवतो आणि गाल पांढराफटक होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ ते उणे १.५ करा. दुसरी, खोलीतली ट्यूब सुरू राहते. खिडकीचा उजेड निळसर, ट्यूबचा वेगळा, मग एक गाल एका रंगाचा आणि दुसरा भलत्याच. दिवे बंद करा. अंधारी बाजू फारच गडप होत असेल तर ३ फुटांवर पांढरा सनबोर्ड उभा करा. सनबोर्ड नसेल तर पांढरी चादर चालते.

ट्यूबच्या उजेडातच काढायचं असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हलक्या दर्जाचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्याहून वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात.

केळीच्या बागेत काढलेले सगळे चेहरे हिरवे आले. का?

रावेर-यावलकडच्या प्रत्येक पोराला हा प्रश्न पडतो. केळीचं पान उजेड नुसता अडवत नाही, गाळून खाली सोडतं, आणि गाळलेला उजेड हिरवा असतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग ओळखून पांढरं ते पांढरं दाखवणारी सोय) निळ्या-पिवळ्याकडे नीट लक्ष देतो, हिरव्याकडे कमी. म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या फाइलमध्ये) काढा, माणसाच्या चेहऱ्यापाशी राखाडी कार्ड धरून एक फोटो घ्या आणि नंतर एडिटिंगमध्ये टिंटचा सरकता दांडा मॅजेंटाकडे (गुलाबी-जांभळ्याकडे) न्या. कार्ड बांधावर उन्हात धरून उपयोग नाही, ते झाडाखाली चेहऱ्याजवळच हवं.

हिरवं पूर्ण घालवायचं नसेल तर अर्धं ठेवा. पूर्ण घालवलं की त्वचा बरोबर दिसते आणि पानं मरगळल्यासारखी.

दोन रोपांमधलं अंतर साधारण ५ फूट असतं, त्यामुळे आडवं मागे सरकायला जागा नसते. ओळीच्या लांबीत उभे राहा, तिथे हवे तेवढे फूट मिळतात. माणसाला बागेच्या काठापासून दोन-तीन ओळी आत उभं करा, तोंड बाहेरच्या उघड्या उजेडाकडे. मग चेहऱ्यावर आकाशाचा पांढरा उजेड येतो आणि पाठीमागे हिरवा अंधार.

कपड्यांबद्दल: केळीचा चीक लागला की काळपट डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. वर्गमित्राने बहिणीच्या लग्नातला पांढरा सदरा घातला असेल तर आधीच सांगा.

थेट फ्लॅशचे, सावली भिंतीवर चिकटलेले फोटो आमचा एक मित्र काढतो. ते मुद्दाम कसे काढायचे?

बहुतेक शिक्षक ज्याला चूक म्हणतात तीच इथे हवी आहे, म्हणून ती नेमकी करावी लागते. माणसाला भिंतीपासून १ फुटाच्या आत उभं करा, तुम्ही ५ फुटांवर. आयएसओ २००, एफ ८, शटर १/१२५. माणूस भिंतीपासून ४ फूट पुढे आला तर सावली खाली सरकून मऊ पडते आणि सगळा परिणाम जातो. कॅमेरा उभा धरला तर फ्लॅश बाजूला येतो, सावलीही बाजूला पडते. मित्राच्या फोटोंत ती डावीकडे असते की उजवीकडे, हे वहीत बघा.

शटर १/२०० च्या पुढे नेऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत तीच फ्लॅशची मर्यादा असते, पुढे गेलात की फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येते. घाम आलेल्या कपाळावर फ्लॅशचे पांढरे डाग पडतात. टिपायला रुमाल जवळ ठेवा, पावडर नको.

बाजाराच्या गर्दीत एक माणूस स्थिर आणि बाकी सगळे वाहते, हे दिवसा जमेल का?

भर उन्हात नाही. आयएसओ १०० आणि एफ १६ ठेवलं तरी शटर १/१०० च्या आसपास लागतं, आणि गर्दी पुसट व्हायला १/४ सेकंद हवा. त्यासाठी पाच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळी काच, लागेल. तो नसेल तर दिवेलागणीला जा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आधीच सूर्य मावळतो, मेमध्ये सातच्या सुमारास. ट्रायपॉड, १/४ सेकंद, आणि वर्गमित्राला श्वास सोडून थांबायला सांगा, रोखून नव्हे. श्वास रोखला की माणूस डुलतो. पंधरा-वीस फोटोंतला एखादा चांगला निघतो.

डबल एक्स्पोजर (एकावर एक दोन फोटो) करणारी मैत्रीण आहे. तिच्या पद्धतीत चेहऱ्यात काय भरायचं?

चेहरा पांढऱ्या आकाशासमोर काळा आकार म्हणून घ्या. दुसरा फोटो त्या काळ्या भागातच उमटतो, पांढऱ्यात काही दिसत नाही. संगणकावर करत असाल तर वरच्या थराला 'स्क्रीन' मोड द्या. भरायला बारीक पोत घ्या: केळीच्या पानाच्या शिरा, फुटलेली कपाशी, तापीकाठची भेगाळलेली माती. मोठ्या आकाराच्या वस्तू ओळखू येत नाहीत, नुसता गोंधळ दिसतो.

आमच्यातला एक जण माणसांचे फोटो काढतच नाही, फक्त वस्तू मांडून काढतो. त्याचं पोर्ट्रेट कसं करणार?

हाच या यादीतला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. उत्तर चाळीसगावात आहे. केकी मूस (१९१२-१९८९) यांनी स्टेशनाजवळच्या बंगल्यात राहून, घराबाहेर जवळपास न पडता, आयुष्यभर काम केलं. टेबलावर मांडलेल्या छोट्या वस्तूंमधून संपूर्ण दृश्य उभं करणारी टेबल-टॉप छायाचित्रं ही त्यांची ओळख. त्याच माणसाने पोर्ट्रेटही केली. त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. मित्राला घेऊन तिथे अर्धा दिवस घालवा, मोबाइल खिशात ठेवून.

मग मित्राच्या पद्धतीने दोन रस्ते आहेत. एक, त्याच्या वस्तूंचं टेबल मांडा आणि त्याला त्या मांडणीतली एक वस्तू समजा: हात, चष्मा किंवा अर्धा चेहरा टेबलाच्या कडेला. कॅमेरा टेबलाच्या पातळीवर, ट्रायपॉडवर, एफ ११, आणि दिवा एका बाजूने खाली. खाली ठेवलेल्या दिव्याने वस्तूंच्या सावल्या लांब होतात आणि लहान वस्तू मोठी वाटते. दुसरा रस्ता, त्याला चौकटीत घेऊच नका, त्याच्या वस्तूंमधून तो ओळखू यावा अशी मांडणी करा. हे अवघड आहे आणि परीक्षकाला ते पोर्ट्रेट वाटेलच असं नाही. पहिला रस्ता धरा, दुसरा जोडीला काढून ठेवा.

सावळा चेहरा काळवंडतो, नाहीतर पांढरी टोपी उडते (नुसती पांढरीफटक होते). काय करायचं?

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं मध्यम करडं धरतो. पांढरा सदरा, पांढरी टोपी चौकटीत जास्त असली की तो एक्स्पोजर कमी करतो आणि चेहरा बुडतो. स्पॉट मीटरिंग (फक्त एका टिंबाचा उजेड मोजणं) लावून गालावर मोजा, हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी कड बघा, टोपी उडत असेल तर अर्धा स्टॉप खाली या. त्याहून चांगलं म्हणजे उघड्या सावलीत (थेट ऊन नाही, पण वर आकाश मोकळं) जा, तिथे कपडा आणि चेहरा यांच्यातला फरक कमी असतो.

सावळी त्वचा समोरच्या सपाट उजेडात निस्तेज दिसते. उजेड जरा बाजूला न्या, गालाच्या हाडावर आणि कपाळावर चमक येऊ द्या. एडिटिंगमध्ये चेहरा गोरा करू नका. ज्याच्या शैलीत काम करताय त्याने तसं केलं असेल तरी नका करू, ती एक सवय सोडून द्यायची.

मे महिन्यात शूट करता येईल?

सकाळी साडेआठच्या आत, नाहीतर घरात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश दिलेली असते, आणि भुसावळ-जळगावला मेमध्ये पारा त्याच्या बराच वर जातो. कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका. उन्हात माणूस डोळे बारीक करतो, दहा मिनिटांनी चेहरा लाल होतो. त्या फोटोंतून कुणाचीही शैली दिसत नाही, ऊनच दिसतं.

शेतात, कुणाच्या वाड्यात, बाजारात फोटो काढायला परवानगी कशी मागायची?

कॅमेरा पिशवीतच ठेवून. 'आप्पा, कॉलेजचं काम आहे, बागेत पंधरा मिनिटं या मुलाचा फोटो काढू का?' एवढं पुरतं. किती वेळ आणि कुणाचा फोटो, हे दोन्ही सांगा. मुलीचं शूट असेल तर जागा आणि वेळ तिने ठरवावी, घरच्यांना आधीच माहीत असावं, सोबत वर्गातली आणखी एक मैत्रीण असावी. तिला रिफ्लेक्टर धरायला लावा, कामही होतं. वर्गमित्र अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांची लेखी संमती घ्या.

चेहरा आखडला असेल तर अहिराणीत बोलतं करा. घरची भाषा कानावर पडली की खांदे आपोआप उतरतात.

दुसऱ्याची शैली वापरणं म्हणजे चोरी नाही का?

कायद्याने शैलीवर किंवा कल्पनेवर मालकी नसते. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितलं: कल्पना आणि विषय यांवर कॉपीराइट नाही, त्यांच्या विशिष्ट मांडणीवर आहे. म्हणून खिडकीचा उजेड कुणीही घ्यावा. पण मित्राने केलेली एखादी खास रचना, तीच वस्तू, तीच पोझ, तीच चौकट उचलली तर ते मांडणीची नक्कल होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, म्हणजे या प्रकल्पातल्या पोर्ट्रेटचे कर्ते तुम्ही.

वर्गातली रीत कायद्यापेक्षा कडक ठेवा. फोटोखाली 'अमुकच्या शैलीवरून' असं लिहा, आणि काढण्याआधी त्याला सांगा. गुपचूप काढलेलं पोर्ट्रेट त्याला टिंगल वाटू शकतं.

दोघांची शैली सारखीच निघाली तर?

'कधीच करत नाही' हा रकाना पुन्हा वाचा, फरक तिथे सापडतो. तरीही सापडला नाही तर दोघांना एकाच चौकटीत घ्या.

फोटो जमला की नाही, हे कसं तपासायचं?

सगळ्या पोर्ट्रेटच्या ४ बाय ६ च्या प्रिंट काढा. चेहरा कागदाने झाका आणि वर्गाला विचारा, ही कुणाची पद्धत? निम्म्याहून जास्त जणांनी ओळखलं तर नियम बरोबर उचललाय. आता उलटं करा: चेहरा दाखवा आणि ज्याला तुमचं काम माहीत आहे त्याला विचारा, हा फोटो कुणी काढला? त्याने तुमच्याऐवजी त्या वर्गमित्राचंच नाव घेतलं, तर एक नियम कमी करून पुन्हा काढा.

प्रिंट स्क्रीनपेक्षा अंधारी येते. लॅबची चूक?

बहुधा तुमच्या लॅपटॉपची. ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलं की फोटो उजळ वाटतो, कागद स्वतः उजळत नाही. ब्राइटनेस निम्म्यावर आणून एडिट करा, फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या, आणि मोठी प्रिंट सांगण्याआधी एक लहान काढून दिवसाच्या उजेडात बघा. १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ते न कापता निघतात. निम्मी चौकट कापली असेल तर ८ बाय १२ वर थांबा. लॅबवाल्या भाऊंना 'कलर करेक्शन करू नका' असं पाकिटावर लिहून द्या, नाहीतर तुमचा जपून ठेवलेला हिरवा उजेड ते प्रेमाने काढून टाकतील.

माउंट बोर्डवर चिकटवताना फेविकॉल पसरू नका, कागद फुगतो. वरच्या दोन कोपऱ्यांना टेप लावून प्रिंट लटकती ठेवा.

वर्गमित्र म्हणाला, 'मी असे फोटो काढतच नाही', तर?

वही उघडून त्याचे चौदा फोटो दाखवा. बहुतेक वेळा तो गप्प होतो, मग पुन्हा बघतो. त्याला स्वतःचा चेहराच आवडला नसेल तर तो वेगळा मुद्दा आहे. त्यासाठी प्रत्येक शूटमधून तीन पर्याय राखून ठेवा आणि त्यातला एक त्याला निवडू द्या.